अब्लांच्या नावाचा शाप

शुक्रवारी सकाळी लुत्फीने ताअमिया तळल्या. आठवड्यातून एकदाच तो स्वयंपाकघरात शिरायचा आणि शिरला की हाताला लागेल ते वापरायचा. तळलेल्या वड्यांचं तेल टिपायला कागद हवा होता, म्हणून त्याने बायकोच्या टेबलावरच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद उचलला, ताटलीत पसरला, त्यावर गरम वडे रचले आणि ताटली आईपुढे ठेवली. त्याच्या आईने, म्हणजे अब्ला इन्शिराहनी, चार वडे खाल्ले. पाचवा उचलला तेव्हा तेलाने आरपार दिसायला लागलेल्या कागदावर त्यांना स्वतःचं नाव दिसलं.

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: ‘इन्शिराह, तफीदाची मुलगी, तुझं नाव मी बांधते आहे. एकविसाव्या दिवशी सूर्य मावळेल आणि त्याच्यामागोमाग तुझा श्वास.’

पाचवा वडा त्यांनी परत ठेवला, हात पुसले आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.

शाहिनाज न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली तेव्हा लुत्फी ताटली हातात धरून उभा होता. आई झोपली म्हणाला, तुझ्या कागदावर काहीतरी होतं म्हणाला, आणि काय होतं ते त्याने वाचलंच नव्हतं. शाहिनाजने वडे बाजूला सारले, कागद पाहिला आणि मटकन खुर्चीत बसली. तो कागद तिने कालच फाडायचा ठरवला होता. तेवढं एक काम राहून गेलं होतं.

शाहिनाजच्या पोटापाण्याचा धंदाच शापांचा. ‘सात कुलपांची नगरी’ या मालिकेचे तिचे सहा भाग निघाले होते, कोटाच्या खिशात मावतील एवढी लहान पुस्तकं, अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत फुटपाथवर विकली जाणारी. त्यातला सगळ्यात भयंकर शाप म्हणजे नाव बांधणं. माणसाचं नाव लिहायचं आणि त्याच्या आईचं. बापाचं चालत नाही, कारण बाप कोण यात शंका असू शकते, आई कोण यात नसते. पहिल्या भागातच तिने बजावून लिहिलं होतं की नाव बांधलेला माणूस वाचत नाही. आणि मग दुसऱ्या भागापासून एकेकाला वाचवत आली होती, कारण वाचकांची पत्रं यायची, कारण प्रकाशक उस्ताद बहजत कैरोहून फोन करून विनवायचे, आणि खरं सांगायचं तर तिचाही जीव व्हायचा नाही.

यावर बोट ठेवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती तिच्याच घरात राहत होती. अब्लांनी मन्सूराच्या मुलींच्या शाळेत अडतीस वर्षं व्याकरण शिकवलं होतं. शाळेत बाईंना अब्ला म्हणतात. शाहिनाज त्यांच्याच वर्गातली, म्हणून लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासूला तिच्या तोंडून ‘आई’ कधी आलं नाही. अब्लाही पुस्तक निघालं की लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. शेवटच्या पानावर गुण द्यायच्या. सहाव्या भागाला दहापैकी साडेचार मिळाले होते.

तेही शाहिनाजने सोसलं असतं. पण गेल्या महिन्यात वाचकमंडळाची सातआठ मुलंमुली तिला भेटायला मन्सूराला आली. ती बाजारात गेली होती आणि अब्लांनी त्यांना बैठकीत बसवून चहा पाजला, बकसुमात, म्हणजे तिळाच्या कुरकुरीत कांड्या, खायला घातल्या आणि सांगितलं की तुमच्या लेखिकेत आता कुणाला मारायची हिंमत उरलेली नाही, सातव्या भागातसुद्धा रायहाना शेवटी वाचते, मी कच्चा आराखडा पाहिलाय. रायहाना म्हणजे मालिकेची नायिका. संध्याकाळपर्यंत ती बातमी सगळ्या देशात पसरली. उस्ताद बहजतनी फोनवर तासभर डोकं खाल्लं. शाहिनाज सासूशी भांडली नाही, भांडून उपयोग नसतो हे तिला आठवीत असतानाच कळलं होतं. तिने खोलीचं दार लावलं आणि सातव्या भागात जादूगारीण रायहानाचं नाव बांधते तिथे, दात ओठ खात, सासूचं नाव टाकलं. आईच्या नावासकट. नंतर बदलू, असं म्हणून.

आता ती अब्लांच्या पलंगापाशी गेली आणि म्हणाली की ती गोष्ट आहे, गोष्टीतलं नाव आहे, उद्या बदलणारच होते.

अब्ला भिंतीशीच बोलल्या. “माझ्या आईचं नाव गोष्टीत कसं आलं?”

शाहिनाजने पायाशी पडलेलं पांघरूण त्यांच्यावर घातलं आणि बाहेर आली.

त्या दिवसापासून अब्ला उठल्या नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या तर तोंड फिरवायच्या, सूप दिलं तर दोन चमचे घेऊन वाटी सारायच्या. तिसऱ्या दिवशी लुत्फीने डॉक्टर मुनीरला आणलं. त्याने नाडी पाहिली, छाती तपासली, सगळं ठीक आहे म्हणाला. अब्ला म्हणाल्या, तुझ्या बहिणीला मी शिकवलंय, तिलाही सगळं ठीकच वाटायचं आणि ती दोनदा नापास झाली. दारापाशी येऊन डॉक्टरने हळूच सांगितलं की अंगात काही नाही, पण या वयात माणूस गोळ्या सोडून पडूनच राहिला तर शापाची गरज लागत नाही.

पाचव्या दिवशी समोरची उम्म सुहैल एका माणसाला घेऊन आली. बांधलेलं सोडवणारा, दमियेत्ताकडचा, हाताला फार गुण आहे म्हणे. शाहिनाज नको म्हणेपर्यंत तो धुपाटणं पेटवून आत शिरला सुद्धा. स्वतःच रचलेला मंत्र त्याने सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीत अब्ला पलंगावर उठून बसल्या. कर्त्याला कर्माचा प्रत्यय लावलायस म्हणाल्या, हे असं म्हटल्यावर शाप सुटेल की आणखी घट्ट बसेल. तो माणूस चाचरला, पुन्हा म्हणाला, पुन्हा चुकला. अब्लांनी त्याला दाराकडे बोट दाखवलं आणि परत आडव्या झाल्या. घरभर दोन दिवस धुपाचा वास राहिला. शाहिनाजला त्याने डोकेदुखी लागली.

मग तिने लुत्फीला गाठलं. तो पाटबंधारे खात्यात होता. कालवा कुठे फुटला तर तो शांतपणे जाऊन बुजवायचा, पण घरातलं काही फुटलं की त्याला ऑफिसात काम निघायचं.

“तू आईला समजाव,” ती म्हणाली.

“तू लिहिलंस, मी काय समजावू?”

“तू त्यावर वडे ठेवलेस.”

तो विचारात पडला आणि खरंच ऑफिसला निघून गेला.

सहाव्या दिवशी अब्लांनीच तिला हाक मारली. बस म्हणाल्या. शाहिनाज बसली.

“बाहेरून माणसं आणून काय होणार? तूच लिहिलंयस. तूच मला बाहेर काढ.”

“कसं काढू, अब्ला?”

“तुझ्या पुस्तकात कसे वाचतात सगळे? तसं. लिहून आण. वाचून दाखव. पटलं तर उठेन.”

शाहिनाजला हसावं की डोकं आपटावं कळेना. सातवा भाग उस्ताद बहजतना पंधरा दिवसांत द्यायचा होता, निम्मा लिहायचा बाकी होता, आणि आता ही पोरखेळाची भर. पण त्या दिवशी अब्लांच्या मनगटाकडे तिचं लक्ष गेलं. इतकं बारीक ते आधीही असेल कदाचित, तिने पाहिलं नव्हतं. तिने दुपारी बसून एक पान लिहिलं: बांधलेल्या बाईची जुळी बहीण पुढे येते आणि शाप आपल्यावर घेते.

अब्लांनी डोळे मिटून ऐकलं. “दुसरा भाग. साबिकसाठी त्याच्या भावाने हेच केलं. आणि मला बहीण नाही.”

सातव्या दिवशीच्या पानात तिने नाव लिहिलेला कागद खाऱ्या तळ्यात विरघळवला. अब्ला म्हणाल्या, चौथा भाग, आणि तिथेही मला पटलं नव्हतं, शाई विरघळली तरी लिहिलेलं झालेलंच असतं. आठव्या दिवशी बाईचा श्वास क्षणभर थांबतो, मृत्यू येऊन गेला असं शापाला वाटतं आणि तो फसतो. “शाप म्हणजे काय फाटकावरचा पहारेकरी, की फसला?” नवव्या दिवशी जादूगारिणीच्या मनात दया येते. अब्लांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि शाहिनाजने ते पान आपणहून फाडलं.

असं रोज चाललं. दिवसा ती ताविज लिहायची, दिव्य पाणी लिहायची, मंतरलेला आरसा लिहायची आणि चार वाजता पलंगापाशी जाऊन वाचायची. अब्ला प्रत्येकात भोक पाडायच्या. सोळाव्या दिवशी तर एकाच बैठकीत तीन सुटका फेटाळल्या आणि वर विशेषणाचं लिंग चुकल्याचं सांगितलं. शाहिनाज स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात सासूला, बहजतला, सगळ्या वाचकांना आणि स्वतःला एकेक करून शिव्या घातल्या. बावीस वर्षं याच बाईच्या हाताखाली ती परीक्षा देत आली होती. लग्नात, मूल नाही झालं तेव्हा, पहिलं पुस्तक निघालं तेव्हा. आता ती बाई मरायला निघाली होती आणि तरीही तिला पास करत नव्हती.

पण एक गोष्ट तिला चिडतानाच जाणवत होती. अब्लांचं खरं होतं. तिच्या सहा भागांत एकही माणूस खऱ्या अर्थाने वाचला नव्हता. लेखिकेने हात आखडता घेतला म्हणून ते जगले होते.

एकोणिसाव्या दिवशी तिला काहीच सुचलं नाही. चार वाजले, सव्वाचार झाले. ती कोरा कागद घेऊनच आत गेली.

“वाच,” अब्ला म्हणाल्या.

“काही लिहिलं नाही. येत नाही मला.” ती उभीच राहिली. “अब्ला, ते नाव चुकून आलं नव्हतं. त्या दिवशी तासभर मला खरंच वाटत होतं की तुम्ही नसाव्यात. ते मी लिहिलं, छान शुद्ध भाषेत लिहिलं आणि लिहिताना मला बरं वाटलं. आता त्यातून बाहेर यायची वाट मला माहीत नाही. असती तर एवढी पानं फुकट घालवली नसती.”

खाली रस्त्यावर पेरूवाला ओरडत गेला.

“तफीदा माझी आई नाही,” त्या म्हणाल्या.

शाहिनाजला आधी कळलंच नाही.

अब्लांनी सांगितलं ते असं. दिकिर्निसजवळच्या गावात त्या जन्मल्या आणि अकराव्या दिवशी त्यांची आई वारली. वडिलांनी तिच्याच धाकट्या बहिणीशी लग्न केलं. ती तफीदा. तफीदाने दूध पाजलं, वाढवलं, शिकवलं, आणि घरात मेलेल्या बहिणीचं नाव कुणी काढू दिलं नाही. वाईट म्हणून नव्हे. तिच्याने ऐकवत नसे. इन्शिराहला ते नाव चौदाव्या वर्षी जन्माच्या दाखल्यावर दिसलं. त्यावर तिने तफीदाला एक शब्द विचारला नाही, कधीच. लुत्फीला ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांना सुद्धा नव्हतं.

“वहीबा,” अब्ला म्हणाल्या. “वहीबा होतं तिचं नाव.”

शाहिनाज पलंगाच्या कडेला बसली. मग हळूहळू तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली.

“म्हणजे कागद वाचला तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. नाव चुकीचं बांधलंय.”

“पहिल्या ओळीलाच.”

“आणि एकोणीस दिवस तुम्ही...”

“मी शाप लागला असं कधी म्हटलं? मी निजले. मला राग आला होता.”

“आणि गोळ्या?”

“घेत होते की. मला काय वेड लागलंय? उशीच्या अभ्र्यात पाकीट आहे.”

शाहिनाजने अभ्र्यात हात घातला. पाकीट होतं, आणि एकोणीस घरं रिकामी होती. ती उठली, खोलीबाहेर गेली, बाहेरचं दार उघडलं, जिना उतरली आणि चपला न बदलता नाईलच्या काठापर्यंत चालत गेली. तिथे पुलाच्या कठड्यापाशी उभी राहून तिने ठरवलं की आपण माहेरी जायचं. मग आठवलं की माहेरी आता भावाची बायको असते आणि तिलाही अब्लांनीच शिकवलंय. अर्ध्या तासाने ती परत आली.

अब्ला बैठकीत बसल्या होत्या, नेहमीच्या खुर्चीत, पायावर शाल. पोट रिकामं असल्याने रंग उतरलेला होता, पण पाठ ताठ होती. शाहिनाजने चहा केला आणि त्यांच्या पुढ्यात जरा जोरातच आपटला.

“का केलंत?” तिने विचारलं. “राग होता, कळलं. राग चार दिवस असतो.”

“चार दिवस राग होता.” अब्लांनी चहात साखर ढवळली. “मग तू पानं आणायला लागलीस. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी गुणांसाठी लिहिलेलं तपासलं, शाहिनाज. मी जगावं म्हणून रोज एक पान कुणी लिहिलं नव्हतं. वाईट होती पानं. पण मला चार वाजायची वाट पाहावीशी वाटायची.”

शाहिनाजला यावर रडू आलं असतं तर ते शोभलंही असतं, पण ती फार दमली होती. ती एवढंच म्हणाली की हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी शापाशिवायही एखादं पान लिहिलं असतं. अब्ला म्हणाल्या, नसतं लिहिलंस. तेही खरं होतं.

त्याच रात्री जेवताना अब्लांनी लुत्फीला त्याच्या आजीचं नाव सांगितलं. त्याचा घास हातात राहिला. आजवर तफीदाच्या कबरीवर तो दर ईदला जाऊन यायचा. आता दुसरी कबर कुठे आहे एवढंच त्याने विचारलं, आणि पुढच्या शुक्रवारी गाडी काढली. गावच्या कबरस्तानात तासभर हिंडूनही जागा सापडेना. शेवटी अब्ला स्वतःच एका मातीच्या उंचवट्यापाशी थांबल्या. हीच कशावरून, असं कुणी विचारलं नाही. शाहिनाजने बाटलीतलं पाणी मातीवर शिंपडलं आणि तिघं परतले. वाटेत अब्लांनी लुत्फीला तीनदा गाडी नीट चालव म्हणून बजावलं.

सातव्या भागाचं मात्र अजून ठरायचं होतं. आईचं नाव चुकल्याने शाप फसतो ही गोष्ट रायहानासाठी वापरायची शाहिनाजने परवानगी मागितली, आणि अब्लांनी ती दोन अटींवर दिली. एक म्हणजे वहीबा हे नाव पुस्तकात येता कामा नये, कुठेही, अर्पणपत्रिकेतसुद्धा. लोकांच्या तोंडी आईचं नाव कशाला द्यायचं. दुसरी म्हणजे रायहानाला आपली खरी आई कोण ते पहिल्यापासून ठाऊक असलं पाहिजे. ऐनवेळी कळलं तर ती पुन्हा लेखिकेची लबाडी. ठाऊक असून तिने ते सांगितलं नाही, कारण सांगितलं तर जिने वाढवलं तिचा अपमान होतो. शाप चुकला हे तिला माहीत असतं आणि तरी वीस दिवस ती घाबरते, कारण कागदावरची आई की दूध पाजणारी आई, शापाच्या लेखी कोण खरी, हे कुणालाच माहीत नसतं.

“तुम्ही घाबरला होतात?” शाहिनाजने विचारलं.

“दुसऱ्या परिच्छेदाला स्वल्पविराम हवाय,” अब्ला म्हणाल्या.

तिसरी अट त्यांनी शेवटच्या प्रकरणात काढली. कुणीतरी मेलं पाहिजे. रायहाना वाचते ना, मग शाप कुठेतरी जायला हवा. आठवडाभर यावर वाद झाला. शाहिनाजने तीन फालतू पात्रं पुढे केली, अब्लांनी तिन्ही नाकारली. शेवटी साबिकवर गाडी आली. पहिल्या भागापासूनचा, वाचकांचा लाडका, दोनदा वाचलेला साबिक. शाहिनाजने ते प्रकरण एका दुपारी लिहिलं आणि लिहून झाल्यावर संध्याकाळपर्यंत खोलीचं दार लावून बसली. अब्लांनी वाचलं, लाल पेन्सिल उचलली, आणि पानावर काहीच न लिहिता परत ठेवली.

भाग जानेवारीत कैरोच्या पुस्तकजत्रेत आला. पत्रांचा पाऊस पडला, अर्ध्या पत्रांत शिव्या. अस्वानहून एका परिचारिकेने लिहिलं होतं की साबिकचं प्रकरण तिने कामावर असताना वाचलं आणि मग कोपऱ्यात जाऊन तोंड धुतलं, पण पहिल्यांदाच आपल्याला लहान मूल समजून कुणी समजूत काढली नाही असं वाटलं. ते पत्र शाहिनाजने जपून ठेवलं.

फेब्रुवारीत उस्ताद बहजतचा फोन आला. खप चांगला आहे म्हणाले, पण लोक चिडलेत, तेव्हा आठव्या भागात साबिकला काहीतरी करून परत आणू. फार नको, एखादं ताविज, एखादं दिव्य पाणी. प्रेत कुणी नीट पाहिलंच नव्हतं असंही करता येईल.

शाहिनाज नाही म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा नाही म्हणाली. तेव्हा त्यांनी वाचकांच्या प्रेमाबद्दल बोलायला सुरुवात केली, आणि ते लांबणार हे तिला अनुभवाने माहीत होतं. समोर अब्ला मुळूखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसल्या होत्या. कान इकडेच होते. शाहिनाजने क्षणभर विचार केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

अब्लांनी पानांचा पसारा बाजूला केला, शालीला हात पुसले, फोन कानाला लावला आणि उस्ताद बहजतना आधी विचारलं की त्यांचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं. शाहिनाज उरलेली पानं घेऊन स्वयंपाकघरात गेली. हा फोन आता पाऊण तास तरी संपणार नव्हता.